वाजविणाऱ्यासह

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, राहणार पांढरकवडा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ.

गैरअर्जदार : देवळातले भजनी मंडळ, तर्फे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. नाव लिहीत नाही. गावाला ठाऊक आहे.

साक्षीदार : एक, नव्या वस्तीतला ढोलकीवाला, जो पूर्वी डफडे वाजवी. दोन, तांड्यावरची म्हातारी, जिला लहानथोर याडी म्हणतात, म्हणजे आई. तीन, हैद्राबादकडचा एक ट्रक ड्रायव्हर, जो सध्या कोठे आहे हे अर्जदारास माहीत नाही.

तारीख : नक्की सांगता येत नाही. ज्यांना तारीख आठवत नाही अशा पक्षकारांना मी आयुष्यभर रागे भरलो, आणि स्वतःच्या बाबतीत मला एवढेच आठवते की, छप्पन सालच्या दसऱ्यानंतरचे दुसरे किंवा तिसरे वर्ष होते, चैत्र संपत आला होता आणि बाजाराचा दिवस होता.

मागणी : एका कागदावरील एक शब्द रद्द व्हावा.

हकिकत येणेप्रमाणे.

तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली मी तीस-बत्तीस वर्षे बसत आलो आहे. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. पाचवीत तीन महिने बसलो, तेही जमेस धरावे. परंतु माझे अक्षर आणि माझी वाक्यरचना या तालुक्यात कोणास कमी लेखता आलेली नाही. वकील मंडळी माझा मसुदा नेत, त्यात चार शब्द फिरवत आणि आपला म्हणून दाखल करत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, नोंद असावी म्हणून सांगतो. माझे एक वाक्य पाऊण पान चालते आणि तरी कोठे मोडत नाही. माझा घात याच गुणाने झाला, आणि तो कसा झाला तेच या अर्जात सांगावयाचे आहे.

माझ्या तरुणपणी एक नाटक कंपनी या गावात येऊन मोडली. नट पांगले. पेटीवाला मात्र तापाने आमच्या ओसरीवर चार महिने पडून राहिला. माझ्या आईने त्याला ताकभाकरी घातली, आणि बरा होता होता त्याने मला पेटी शिकविली. जाताना पेटी ठेवून गेला, कारण ती उचलण्याची ताकद त्याच्या अंगात उरली नव्हती. एकच गोष्ट बजावली. "सगळ्या पट्ट्या दिवसातून एकदा तरी दाबत जा. ज्या वाजत नाहीत त्या फुगतात, आणि फुगल्या की चिकटतात."

पुढे गावात भजनी मंडळ निघाले. अध्यक्ष झाले हेडमास्तर, ज्यांच्या हातची छडी मी चौथीत खाल्ली होती. मंडळाला पेटी हवी होती आणि मला मान हवा होता. मी पेटी अर्पण केली आणि अर्पणाचा कागद स्वतःच लिहिला, कारण तसला कागद दुसऱ्या कोणाच्या हातचा असणे मला सहन झाले नसते. त्यात असे वाक्य आहे : "सदर पेटी भात्यासह, खोक्यासह, सर्व सुरांसह व वाजविणाऱ्यासह मंडळास कायमची अर्पण केली असे."

शेवटचे 'वाजविणाऱ्यासह' मी केवळ नादासाठी घातले. तीन वेळा 'सह' आल्यावर चौथा आल्याशिवाय वाक्य बसल्यासारखे वाटेना. हेडमास्तरांनी कागद मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "वा. लय आहे." चौथीच्या वर्गापासून त्यांच्या तोंडून माझ्याविषयी निघालेला तो पहिला चांगला शब्द. सर्वांनी सह्या केल्या. कागद चौकटीत बसवून देवळाच्या भिंतीवर, मी जेथे बसतो त्याच्या बरोबर समोर लावण्यात आला.

तेव्हापासून दर गुरुवारी दिवेलागणीला मी त्या चौकटीसमोर बसून पेटी वाजवीत आलो. हेडमास्तर पांढरी एकमध्ये, म्हणजे खालच्या सुरात, गात आणि त्यांचा आवाज पंचमाच्या वर जात नसे. भजने सात; त्यांचा क्रमही ठरलेला. कधी मी उजव्या हाताने थोडे वर, तार सप्तकाकडे गेलो की ते न थांबता डोळ्यांनी मला खाली बोलावीत. भजनानंतर पेटी देवळाच्या कोठीत जाई आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. रोज सगळ्या पट्ट्या दाबण्याचे मी कबूल केले होते; आता आठवड्यातून एकदा, त्याही निम्म्याच दाबत होतो. उरलेले सहा दिवस बोटे डेस्कवर वाजत. अर्ज सांगणारा सांगत असे, मी ऐकत असे, आणि डाव्या हाताची बोटे लाकडावर आपली चाललेली असत. हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

त्या बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर याडी बसली होती. तिच्या तांड्याची विहिरीची वाट कोणी तरी काटेकुंपण घालून बंद केली होती. मी माझ्या पद्धतीने विचारले, "क्रमाने सांगा. पहिल्यांदा काय झाले, मग काय झाले, कोणी पाहिले."

मी पुन्हा विचारले. तेव्हा तिने ओढणी तोंडावर ओढली, पांढऱ्या चुड्यांचे दोन्ही हात माझ्या डेस्कवर ठेवले, आणि रडू लागली असे मला वाटले. परंतु ते रडणे नव्हते. तांड्यावरच्या लोकांत नवरी सासरी निघताना गाऊन रडते, त्या गाण्याला ढावलो म्हणतात. आणि हे रडणे म्हाताऱ्या बायका मुलींना शिकवितात. याडी पंचक्रोशीतल्या नवरीमुलींना रडणे शिकविणारी होती. आपली तक्रार ती त्याच चालीत सांगत होती. तिच्या बोलीतले मला वाट, पाणी आणि काटे एवढेच कळले. आवाज मात्र सरळ तेथे गेला जेथे मला वर्षानुवर्षे जाऊ दिलेले नव्हते. माझी बोटे आपोआप डेस्कच्या उजव्या टोकाला सरकली.

मग डेस्कच्या पलीकडून ठेका आला. पाळीची वाट पाहत बसलेला एक माणूस कागदांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन, बोटांच्या टोकांनी, अगदी हळू वाजवीत होता. तिचा आवाज उतरला तसा त्याचा ठेकाही उतरला आणि तिच्याबरोबरच थांबला. भोवती तीसेक माणसे जमली होती. कचेरीचा पट्टेवाला पुकारा करावयाचे विसरून पायरीवर उभा होता.

"मुनशीजी," तो डब्याचा माणूस म्हणाला, "बोटं तं काळी चारवर, वरच्या सुरात चालून राह्यली तुमची."

"तुले कसं समजलं?"

"लग्नाच्या वरातीत बँडवाल्यायच्या मांगं बारा वर्सं डफडं वाजवलं म्या. आवाज नसला तरी बोटं दिसतेत नं."

याडीने ओढणी बाजूला केली आणि डेस्कवर हात ठेवून म्हणाली, "भिया, तुह्या लाकडात कोनीतरी कोंडलं हाये. सोड नं त्याले."

लोक हसले. मीही हसलो. मात्र त्या दिवशी तिचा अर्ज लिहिताना माझे वाक्य प्रथमच पाऊण पानाआधी संपले. ते कुंपण पुढे निघाले. माझ्या अर्जाने निघाले की दुसऱ्या कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डब्याच्या माणसाचे काम असे होते. नव्या वस्तीतल्या घरांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्यांना वस्तीजवळ वाचनालयासाठी सरकारी पडीक जागा हवी होती. मी अर्ज लिहिला, एक नक्कल त्याला दिली. तो जाताना थांबला.

"वैशाखी पुनवेले आमचा कार्यक्रम हाये. ढोलकी हाये, गाणारे हायेत. पेटी नाही."

"डफडे काढा की," मी सहज म्हणालो.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की ते वाक्य परत घेता आले असते तर मी घेतले असते.

"डफडं नदीत टाकलं, मुनशीजी. ते बोलावल्यावर वाजवा लागे. गावात कोनी मेलं, या. पोळा हाये, या. अंगात ताप असो का घरी मयत असो, या. वाजवाची हौस नव्हती असं नाही. पन हौस कोनी इचारलीच नाही. आता ढोलकी घेतली. ते म्याच मले बोलावतो, तवा वाजते."

मी होकार का दिला, हे मला अजून नीट मांडता येत नाही. समतेचा माझा काही मोठा अभ्यास होता असे म्हणणे खोटे ठरेल. उजव्या हाताला वर जावयाचे होते, एवढेच मला ठाऊक होते.

वैशाखी पौर्णिमा त्या वर्षी बाजाराच्याच दिवशी आली. सकाळी मी हेडमास्तरांकडून किल्ली मागून घेतली आणि मंडळाच्या वहीत नोंद केली : "पेटी भाता दुरुस्तीसाठी नेली." माझ्या हस्ताक्षरातली ती पहिली खोटी नोंद. तिच्यातले 'भाता' फार सुरेख आले आहे.

वस्ती मोठ्या रस्त्याला लागून आहे. दुपारी तीनचा सुमार, वर पळसाच्या डहाळ्यांचा मांडव. मला सतरंजीच्या मध्यभागी बसविले. एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पेटीला हात लावावा की न लावावा अशा विचारात थोडा वेळ उभे राहिले, आणि शेवटी माझ्याच खांद्याला हात लावून गेले. याडी बाजारातून परतताना मिठाची पिशवी घेऊन मांडवाच्या खांबाशी टेकली होती. पेटी उघडली तर तार सप्तकातला गंधार चिकटलेला. नखाने उचलून उचलून मोकळा केला.

मग ढोलकीवाला उभा राहिला, खिशातून एक कागद काढला आणि गाऊ लागला. दोन ओळी झाल्यावर मी भाता मारणे थांबविले. तो माझा अर्ज होता. वाचनालयाच्या जागेचा, माझ्या वाक्यांचा. "सदर जागा पडीक असून." "अर्जदार हे सदरहू ठिकाणचे रहिवासी असून." हे त्याने चालीवर बसविले होते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी अवघी वस्ती टाळ्यांच्या ठेक्यावर एकच शब्द म्हणत होती : सबब, सबब, सबब!

प्रथम मला राग आला. ही थट्टा चालली आहे असे वाटले. तो वाकून हळूच म्हणाला, "रागवू नका जी. इतकं चांगलं कोनी आमच्यावर लिहूनच नाही ठेवलं. म्या म्हटलं, सायबानं वाचलं न वाचलं, आपुन तं गाऊन पाहू."

"आणि 'मायबाप सरकार' कोठे गेले? सुरुवातीला होते."

"ते काढलं. मायबाप आमचे घरी हायेत."

"असे परस्पर शब्द काढता येत नाहीत. दाखल केलेला कागद आहे."

"कागदातून नाही काढता येत. गाण्यातून येते." आणि त्याने ढोलकीवर थाप मारली.

वीस वर्षांत मी हजारो अर्ज लिहिले. ते टपालात गेले, गठ्ठ्यांत बांधले गेले, उंदरांनी खाल्ले. माझे वाक्य शंभर माणसांनी एका तोंडाने म्हटलेले मी त्या दुपारी प्रथम ऐकले. मी पेटीवर पुढे निघालो, वर गेलो, आणि मला खाली बोलावणारे तेथे कोणी नव्हते. तिसऱ्या कडव्यानंतर याडी खांबापासून उठली, येऊन पेटीजवळ बसली आणि आपला आवाज तिने त्यात सोडला. शब्द तिचे, चाल तिची, ठेका त्याचा, सबब माझा.

रस्त्यावर एक ट्रक थांबला. डोक्याला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर खाली उतरून मागच्या रांगेत उभा राहिला, आणि गाणे संपताच त्याने मलाच विचारले, "मुनशीजी, सबब सबब तो बहोत बोले. मगर सबब है क्या?"

"सबब म्हणजे म्हणून," मी म्हणालो. "इसलिए."

"नक्को नक्को. हमारे उधर सबब बोले तो वजह. काहे के वास्ते हुआ, वो. नतीजा नहीं जी, वजह." हसून, हात जोडून तो ट्रकमध्ये चढला आणि निघताना त्याने आमच्याच ठेक्यावर तीन वेळा भोंगा वाजविला. वस्तीतली पोरे कितीतरी दिवस त्या भोंग्याची नक्कल करीत होती. मी मात्र विचारात पडलो. जो शब्द मी वीस वर्षे निष्कर्षाच्या जागी लिहिला, तो मुळात कारणाचा होता, आणि हे मला एका ड्रायव्हरकडून कळावे.

गुरुवारी मी पेटी घेऊन देवळात गेलो तेव्हा मंडळ माझ्या आधीच जमलेले होते.

"भाता दुरुस्त झाला का?" हेडमास्तरांनी विचारले.

"झाला."

"छान. त्या वस्तीत सुतार आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते."

एक-दोघे हसले. मी सांगावयास सुरुवात केली की, पेटी मुळात माझी, माझ्या मोकळ्या वेळात मी कोठे वाजवावी हा माझा प्रश्न. हेडमास्तरांनी मला बोलू दिले. मग हातातल्या काठीने त्यांनी भिंतीवरची चौकट दाखविली.

"चौथीत तुम्हांला शब्दयोगी अव्यये शिकविली होती. 'सह' म्हणजे काय?"

मी पेटी खाली ठेवली.

"सांगा, सांगा. चौथीपर्यंत तर होतात."

"बरोबर," मी म्हणालो. "सोबत."

"वाक्य वाचा."

मी वाचले. माझेच अक्षर.

"म्हणजे मंडळाकडे काय काय अर्पण झाले? पेटी. भाता. खोके. सूर. आणि?"

"वाजविणारा."

"कायमचा," ते म्हणाले. "तोही शब्द तुमचाच. आम्ही एक काना घातलेला नाही."

कोणी जातीचे नाव काढले नाही. काढले असते तर मला निदान भांडता आले असते, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरे असेलच असे नाही. एकाने तांब्या आणला आणि तुळशीच्या पानाने पेटीवर पाणी शिंपडले, पट्ट्यांवर, फटींत, भात्यावर. मी ओरडलो, "पाणी नको, पट्ट्या फुगतील!" हेडमास्तर म्हणाले, "आता 'सह'वर शिंपडा." आणि त्या पानाने माझ्या डोक्यावर आणि हातांवर पाणी शिंपडण्यात आले.

मी उठून गेलो नाही. हे मी लपवीत नाही, कारण या अर्जात लपविण्यासारखे एवढे एकच होते. मी बसलो, बोटे धोतराला पुसली आणि सातही भजने वाजविली.

पुढच्या गुरुवारपर्यंत तार सप्तकातल्या पाच पट्ट्या फुगून बसल्या. त्यांना नखाने उचलण्यासाठी लागणारा वेळ मला कोणी दिला नाही. मंडळाची त्या पट्ट्यांवाचून काही अडचण होत नव्हती.

ढोलकीवाल्याला सर्व समजले होते. काही दिवसांनी तो कडुलिंबाखाली आला. माझे पक्षकार उठेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "काहून जाता जी त्यायच्याकडं?"

"कागद आहे," मी म्हणालो. "सह्या आहेत."

"मुनशीजी, तुमाले एक सांगू काय? आमच्या बापजाद्यायनं असा कागद कधी लिहून नव्हता देल्ला. तरी आमी गावाच्या मालकीचे होतो. डफड्यासंगट. पन आमी सुटलो नं. आन तुमी चांगल्या अक्षरात लिहून देऊन अडकले."

"बोलणे सोपे आहे."

"सोपं नव्हतं जी. लय घरायची चूल बंद झाली." त्याच्या आवाजात राग नव्हता. "काट मारा त्या शब्दाले."

मी त्याला समजावून सांगितले की, सह्या झालेल्या कागदावर खाडाखोड केल्यास ती जागा सर्व पक्षकारांनी लघुसहीने मान्य करावी लागते, नाहीतर कागद बाद होतो, आणि खाडाखोड करणाऱ्यावर बालंट येते. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

"तुमी जे सांगून राह्यले ते खरंच असंन," तो उठत म्हणाला. "पन तुमी असं सांगता जसं ते कुलूप तुमीच बनवलं."

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, आणि तीच पुष्कळ आहेत. गुरुवारमागून गुरुवार गेले. वाचनालयाची जागा वस्तीला मिळाली, इमारत उभी राहिली. उद्घाटनाला मला बोलावणे आले, तो गुरुवार होता. मी देवळात भजनाला बसून, वारा त्या बाजूचा असेल तर, दूरवर 'सबब सबब' ऐकत होतो, आणि मला पांढरी एक सोडता येत नव्हती. आपण मंडळ का सोडले नाही, असे मला कोणी विचारील. पेटी तेथे होती हे एक कारण. दुसरे असे की, माझ्याकडे येणारे निम्मे पक्षकार मंडळींच्या ओळखीचे. आणि तिसरे, जे लिहावयास मला सर्वांत जड जाते : तो कागद माझा सर्वांत चांगला कागद आहे. इतके पूर्ण वाक्य माझ्या हातून पुन्हा झाले नाही. ते चुकीचे होते असे म्हणण्यासाठी लागणारे धाडस मला इतकी वर्षे झाले नाही.

याडी अधूनमधून येते. अर्ज नसतो. डेस्कवर हात ठेवते आणि विचारते, "हाये काय तो अजून लाकडाच्या मंदात?" मी म्हणतो, आहे. ती मान हलविते आणि जाते.

गेल्या बाजाराला ती नातीला घेऊन आली. नात म्हणजे सोळा-सतरा वर्षांची, शाळेत सातवीपर्यंत गेलेली, आणि लाजून ओढणीचे टोक चावणारी.

"हिचं लगन हाये, भिया," याडी म्हणाली. "रडनं शिकवून शिकवून मी थकली. हिले सूर सापडत नाही. सिनेमाची गानी ऐकते, तशी रडते."

"याडी!" नात म्हणाली.

"खोटं हाये का? सासरचे म्हनतीन, हे रडून राह्यली का गाऊन राह्यली!" मग माझ्याकडे वळून, "माहा आवाज आता वर जात नाही. तू ये. तुह्यी पेटी सूर धरून ठेवीन, हे त्याले धरून रडन. ढोलकीवाला येतो म्हने."

"ढावलोला पेटी? कोणी ऐकले आहे का असे?"

"अर्जीचं गानं तरी कोनी ऐकलं होतं?"

मी वार विचारला. विचारण्याआधीच उत्तर मला माहीत होते.

त्याच संध्याकाळी मी हेडमास्तरांकडे गेलो. ते आता फार थकले आहेत, दिसतेही कमी; किल्ली मात्र जानव्याला आहे. मी म्हणालो, पेटी नको, मला एक गुरुवार द्या. त्यांनी विचारले, कशासाठी? मी सांगितले. त्यांचा हात जानव्याच्या किल्लीकडे गेला, आणि मला वाटले की या खेपेला त्यांच्या तोंडून दुसरे काही तरी निघेल.

"कागद बदलता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच सर्वांना सांगता." आणि थोडे थांबून, "इतके सुंदर लिहिले आहे तुम्ही. मी वर्गात उदाहरण म्हणून द्यायचो." ते त्यांनी मनापासून म्हटले, हे मला कळले, आणि मी उठलो.

घरी येऊन मी डेस्क समोर घेतले आणि हा कागद सुरू केला. सुरुवातीला मी पेटीही परत मागितली होती. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे. मसुद्यातून काढता येतो. पेटी मी दिली होती, आणि दिलेली वस्तू परत मागणे माझ्या धंद्यात मी कोणास शिकविले नाही. तिच्या फुगलेल्या पट्ट्या, तिचा भाता, खोके आणि जे काही सूर तिच्यात शिल्लक असतील ते मंडळाचे. याडीला मी येतो म्हणून सांगितले आहे. पेटी नसेल, हेही सांगितले. ती म्हणाली, "लाकूड घेऊन ये. पोरीच्या कानाले लावून देईन." तेव्हा डेस्क मी बैलगाडीत घालून नेणार आहे. त्यातून आवाज निघत नाही. पण बोटे कोठे वर जातात ते मुलीला दिसेल, आणि ठेका धरणारा सोबत आहे.

सबब. हा शब्द येथे मी त्या ड्रायव्हरच्या अर्थाने लिहितो, म्हणजे कारण; आणि कारण वर नमूद केले आहे.

तरी मंडळास विनंती की, भिंतीवरील चौकटीतल्या कागदातून 'व वाजविणाऱ्यासह' एवढी अक्षरे वगळण्यात यावीत, बाजूस सर्वांनी लघुसही करावी, आणि तसे केल्याचे अर्जदारास येत्या गुरुवारच्या दुपारपूर्वी लेखी कळवावे. गाडी दुपारी निघते. तोपर्यंत उत्तर न आल्यास सदर शब्द वगळणे मंडळास नामंजूर नाही असे अर्जदार समजेल, आणि उत्तर नकारार्थी आल्यास ते अर्जदारास तांड्यावर पोहोचते करावे. पोच मिळावी.

अर्जदार,
सही (स्वतःची, स्वतःसाठी)